गाडीचे सदर कोणते?

प्रशासनापुढे एखादी नवी वस्तू आली की ती चांगली की वाईट, हा प्रश्न सहसा पहिला नसतो. पहिला प्रश्न असतो तो हिला कोणत्या सदरात घालायचे हा. सदर ठरले की कर ठरतो, परवाना ठरतो, तपासण्या ठरतात. आणि पुष्कळदा आत बसणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमतही तिथेच, कुणाच्या ध्यानात न येता, ठरून जाते. या म्हणण्याला बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर असलेल्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका गाडीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

ही गाडी म्हणजे 'रेवा'. मैनी उद्योगसमूह आणि अमेरिकेतील अमेरिगॉन यांच्या भागीदारीतून १९९४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि २००१ मध्ये गाडी भारतीय रस्त्यावर आली. बंगळूरकर मराठी मंडळींनी ती पाहिली असेल. लंडनला राहणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे ती 'जी-विझ' या नावाने विकली जात असे. लांबी जेमतेम अडीच मीटरच्या वर. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन मुले. पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचे पत्रे, आणि पोटात आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, घरच्या इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रात्रभर लावून ठेवली की सकाळी ऐंशी किलोमीटरची सोय.

तिच्यावरून वाद लगेच सुरू झाला. पुरस्कर्ते म्हणत, नऊ-दहा युनिट विजेत ऐंशी किलोमीटर, म्हणजे पेट्रोलपुढे खर्च नगण्य. विरोधक म्हणत, तेवढ्याच पैशात चार माणसांची खरी मोटार येते, शिवाय काही वर्षांनी बॅटऱ्यांचा संपूर्ण संच बदलण्याचा खर्च कोण मोजणार? दोघांचेही गणित बरोबर होते, मोजपट्ट्या मात्र वेगळ्या होत्या. एकजण रेवाची तुलना मोटारीशी करीत होता, दुसरा स्कूटरशी. पावसात भिजत स्कूटरवर मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईच्या दृष्टीने ती चैनीची आणि बरीच सुरक्षित वस्तू होती. महामार्गावर जाणाऱ्याच्या दृष्टीने खेळणे. असे वाद मिटत नाहीत याचे कारण बहुधा हेच, की तुलना कशाशी करायची याविषयी आधी कोणी बोलतच नाही.

लंडनमध्ये मात्र ही तुलना सरकारनेच करून टाकली. युरोपीय नियमांप्रमाणे जी-विझ ही मोटार नव्हती, क्वाड्रिसायकल होती. बॅटरी वगळून ४०० किलोपर्यंत वजन आणि १५ किलोवॉटपर्यंत शक्ती असलेले चारचाकी वाहन या सदरात बसे, आणि या सदराला आघात-चाचणी लागू नव्हती. त्याच वेळी २००३ पासून लागू झालेल्या गर्दी-शुल्कातून विजेच्या वाहनांना सूट होती, काही भागांत पार्किंगही फुकट होते. म्हणजे शासनाचा एक हात नागरिकाला या गाडीकडे ढकलत होता आणि दुसरा हात तिची तपासणी आपल्या कक्षेत येत नाही असे सांगत होता. दोन्ही हात नियमाप्रमाणेच चालत होते. मला यातली ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

२००७ मध्ये 'टॉप गिअर' या मासिकाने ती स्वतःच आदळवून पाहिली, ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने. आतल्या माणसांना गंभीर, कदाचित प्राणघातक दुखापत झाली असती, असे निष्पन्न झाले. ब्रिटिश परिवहन खात्याने ५६ च्या वेगाने केलेल्या चाचणीतही चिंता वाटावी असेच आढळले. विकणाऱ्यांचे उत्तर होते की ही गाडी शहरातल्या संथ रहदारीसाठी आहे. उत्तर खोटे नव्हते. पण संथ गाडीवर आदळणारी गाडी संथच असेल, याची हमी कोण देणार? पुढच्या वर्षी पुढील डिस्क ब्रेक आणि अधिक मजबूत सांगाडा असलेला नवा नमुना आला. म्हणजे सुधारणा शक्य होती; ती नियमाने आधी मागितली नव्हती, एवढेच.

आपल्याकडे रेवाच्या प्लास्टिकला हसणारे लोक ज्या पत्र्याच्या गाड्यांतून हिंडत होते, त्यांची परीक्षा २०१४ मध्ये झाली. ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारी ६४ च्या वेगाने आदळवल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. भारतात आघात-चाचणीची सक्ती नव्या नमुन्यांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून झाली. रेवा रस्त्यावर आली त्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी. मधल्या काळात, २०१० मध्ये, मुंबईच्या महिंद्राने ही कंपनी घेतली, २०१३ मध्ये 'ई२ओ' आणली, आणि ती गाडीही आज बाजारात नाही.

सदरांचा खेळ मात्र चालूच आहे. ताशी २५ किलोमीटर वेग आणि २५० वॉट शक्ती यांच्या आतली विजेची दुचाकी आपल्याकडे मोटार वाहनच समजली जात नाही. नोंदणी नको, लायसन नको. मग दुकानात तिचा वेग वाढवून देण्याचा धंदा सुरू होणे ओघानेच आले, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. बॅटरीचे नियम कडक झाले ते त्यानंतर. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात हे खरे, पण त्यांच्या आगीची आपल्याला सवय झाली आहे. नव्या वस्तूला ती सवलत नसते आणि नसावीही.

अधिकाऱ्याने सर्व धोके आधी ओळखावेत, अशी अपेक्षा मी करणार नाही. तसे करायचे तर कोणतीही नवी वस्तू बाजारात येणार नाही आणि जुन्या, अधिक धोक्याच्या वस्तूच टिकून राहतील. परंतु एक गोष्ट बिनखर्चाची आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर ज्या चाचण्या झाल्या त्या असतात असे आपण धरून चालतो. ज्या झाल्या नाहीत, त्यांचीही एक ओळ असावी. 'या वाहनाची आघात-चाचणी झालेली नाही' एवढे वाक्य ठळक छापले, तर ग्राहक मूर्ख नाही, तो आपला निर्णय घेईल. लंडनच्या ग्राहकाला हे वाक्य शासनाने सांगायला हवे होते, मासिकाने नव्हे.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झाले, मोटारींना तारे मिळू लागले. चाचणी ऐच्छिक आहे, पण कंपन्या ताऱ्यांची जाहिरात करतात हे चांगलेच. ती प्रवासी मोटारींपुरती आहे. पुण्याच्या बजाज कंपनीची 'क्यूट' २०१९ मध्ये भारतात विक्रीला आली, ती २०१८ मध्ये मान्य झालेल्या क्वाड्रिसायकल या सदरात. तारे देण्याच्या या योजनेत ते सदर नाही; दुचाकीचेही नाही.