परत गेलेली गाडी

आमच्या शाळेच्या प्रवेश-अर्जात 'पिता का व्यवसाय' असा एक रकाना आहे. दर वर्षी जून-जुलैत असे शे-दीडशे अर्ज माझ्या टेबलावरून जातात आणि त्यांवर सही करता करता मला गावाचा इतिहास कळत जातो. मी या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्या रकान्यात 'मिल में' हे दोन शब्द ठायी ठायी दिसत. उज्जैनच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ते शब्द गेले. मग 'मजदूरी', 'मिस्त्री', 'सेंटिंग' यांचे दिवस आले. अलीकडे मात्र पालक सांगतात, "प्लांट में", "पंप पर", "मिक्सर पर". पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, स्वयंपाकघरातला मिक्सर दुरुस्त करीत असतील!

तुम्ही मंडळी सीमेवर राहता, आम्ही सीमेच्या चांगलेच पलीकडे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले, बायजाबाई शिंदे यांनी गोपाळ मंदिर बांधले, आणि 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी आमच्यासारखी घरे इथेच राहिली. घरात मराठी, दारात माळवी, शाळेत हिंदी. पंचांगसुद्धा दोन. शेजाऱ्यांचा श्रावण आमच्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. या पंधरा दिवसांचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आधी जुन्या पद्धतीचा स्लॅब कसा पडे ते सांगतो. 1998 मध्ये मी ऋषीनगरात घर बांधले. स्लॅबच्या दिवशी पहाटे पाचला टोळी आली. झाबुआकडची भिल्ल माणसे, निम्म्याहून अधिक बायका. एक डिझेलचे घुमणारे यंत्र, शेजारी वाळू, काळी गिट्टी आणि सिमेंटच्या गोण्या. एक-दोन-चार असे प्रमाण तोंडी ठरलेले. पण घमेली कोण मोजतो? आम्ही इथे घमेल्याला तगारी म्हणतो. परांचीवरून बायकांची रांग उभी राहिली आणि तगारी या हातातून त्या हातात, त्या डोक्यावरून या डोक्यावर, अशी संध्याकाळपर्यंत वर चढत राहिली. खाली वाळूच्या ढिगावर त्यांची पोरे झोपली होती. मी नारळ फोडला, गूळ वाटला, संध्याकाळी पुरी-भाजी आणि नुक्ती. पत्रावळी मीच मोजल्या होत्या, म्हणून आकडा लक्षात आहे: चौतीस.

आणि पाणी? मुकादम बादलीने अंदाजे ओतत होता. माल घट्ट झाला की बायका ओरडत, "पाणी!" आणि तो आणखी ओती. पातळ माल सरकतो चांगला, उचलायला हलका पडतो, सगळे खूश. माझ्या बैठकीच्या खोलीत आजही आषाढ लागला की कोपऱ्यात एक बादली ठेवावी लागते, ती या खुशीचीच. सिमेंटशी संयोग व्हायला जेवढे पाणी लागते त्याहून जास्त घातलेले पाणी नंतर उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडून जाते, हे मला फार उशिरा कळले. ज्या मुलीकडून कळले तिची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

ती आमच्या शाळेत आली 2003 साली. 2004 च्या सिंहस्थाची कामे गावभर चालली होती. शाळेशेजारच्या मोकळ्या जागेत एका टोळीने पाले टाकली होती, आणि पालातली एक मुलगी रोज आमच्या कुंपणाशी उभी राहून पाढे म्हणे. आमच्या वर्गाच्या पुढे! त्या वेळच्या हेडसरांना विचारून मी तिचा अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात बापासाठी 'मजदूरी' लिहिले. आईसाठी रकानाच नव्हता. खरे तर तगारी आईच्या डोक्यावर होती. टोळी पुढे गेली, पण ही आई मुलीसाठी गावातच राहिली. मिळेल त्या स्लॅबवर जाऊ लागली. मुलगी दहावी झाली, पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेतली, आणि नंतर कधीतरी पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "सर, नौकरी लग गई. आरएमसी में." मी अभिनंदन केले, आरएमसी म्हणजे काय हे विचारायचा मात्र संकोच वाटला.

आरएमसी म्हणजे रेडी-मिक्स काँक्रीट. कारखान्यात मोजून-मापून तयार करायचे आणि फिरत्या पिंपाच्या गाडीतून कामावर पोचवायचे. कल्पना जुनी आहे. जर्मनीत मागेन्स नावाच्या गृहस्थाने 1903 मध्ये तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत स्टेपानियन या आर्मेनियन स्थलांतरिताने 1916 मध्ये फिरत्या पिंपाच्या मोटारीचा आराखडा मांडला. आपल्याकडे गंमत अशी की कारखाने येण्याआधी नियम आला. भारतीय मानक 4926 हे 1976 चे, तर एसीसीने मुंबईत या धंद्याची सुरुवात केली ती 1994 मध्ये. मग मुंबईचे उड्डाणपूल आले, पुणे द्रुतगती मार्ग आला, आणि हा माल महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला. माळव्यात तो इंदूरमार्गे आला. आता 2028 च्या सिंहस्थासाठी घाट, पूल, रस्ते एकदमच निघाले आहेत. इंदूर रस्त्यावर उभे राहावे तर पाच मिनिटांत एक तरी पोटऱ्या पिंपाची गाडी घुमत जाताना दिसते.

2024 मध्ये आमच्या शाळेच्या नव्या वर्गखोल्यांचा स्लॅब आला. पैसे वर्गणीचे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, काही पालकांनी शंभर-शंभर रुपये दिलेले. माल रेडी-मिक्स घ्यायचा ठरले, एम-25 प्रतीचा, आणि हिशेब निघाला सहा गाड्यांचा, प्रत्येकी सहा घनमीटर. दिवस मी ठरवला: सोमवार. कारण त्या वर्षी महाकालाच्या सवारीमुळे श्रावण-भाद्रपदात उज्जैनच्या शाळांना सोमवारी सुट्टी आणि रविवारी शाळा होती. मुले नसतील, निवांत काम होईल. आपला श्रावण 5 ऑगस्टला लागला होता, शेजाऱ्यांचा 22 जुलैपासूनच चालू होता. म्हणजे दोन्ही पंचांगांची गर्दी एकाच रस्त्यावर. कोणी हटकलेही की सोमवारी नको. मी म्हटले, सवारी निघते दुपारी चारला, आपण बाराला मोकळे. मुख्याध्यापकाचा शब्द पुढे कोण खोडणार?

सकाळी पावसाने दोन तास खाल्ले. पहिली गाडी सातऐवजी नऊला आली. तिच्याबरोबर डोक्याला हेल्मेट, हातात पत्र्याचा शंकू घेऊन जी उतरली ती आमची विद्यार्थिनी. मला वाकून नमस्कार केला आणि कामाला लागली. फूटभर उंचीच्या त्या शंकूत माल भरायचा, शंकू उचलायचा, आणि ढीग किती बसतो ते पट्टीने मोजायचे. मग लोखंडी साच्यांत पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे. त्यांतले काही सातव्या दिवशी आणि काही अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडायचे, म्हणजे माल खरा की खोटा ते कळते. पंपाची लांब सोंड वर गेली आणि पाच गाड्या कशा रिकाम्या झाल्या ते कळलेही नाही. वर सात-आठ माणसे. चौतीस पत्रावळींची गरजच नव्हती.

सहावी गाडी अडकली. पोलिसांनी कठडे लावले होते. चालक पूर्वांचलचा, गावात नवा, तो एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत वळसे घेत राहिला. पोचली तेव्हा तिने चलनावरची वेळ वाचली: कारखाना सोडून दोन तास चाळीस मिनिटे. मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी. तिने शंकू भरला, उचलला. माल जागचा हललाच नाही. शिवलिंगासारखा उभा.

ठेकेदार म्हणाला, "दो-चार बाल्टी पानी मारो मॅडम, चल जाएगा." बांधकाम समितीचे एक सभासद म्हणाले, तीस हजारांचा माल आहे. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मी, जो परिपाठात सचोटीवर बोलतो तो मी, म्हणालो, "बेटा, थोड़ा डाल दो न. अपने स्कूल का ही काम है."

तिने वाद घातला नाही. चलनाचा कागद माझ्यापुढे धरला. खाली एक छापील ओळ होती: ग्राहकाच्या सांगण्यावरून पाणी मिसळले, किती लिटर, सही. "सर, आप लिख दीजिए, मैं डलवा देती हूँ. लेकिन क्यूब का साँचा इस गाड़ी से भी भरूँगी."

तीस वर्षे मी सह्याच करीत आलो आहे. दाखले, गुणपत्रके, चारित्र्याचे प्रमाणपत्र. हात आपोआप चालतो. त्या दिवशी पेन हातात घेऊन मी वर पाहिले. स्लॅबचा जो शेवटचा तुकडा राहिला होता, तो नववीच्या वर्गावरचा होता. पेन खिशात ठेवले. गाडी परत गेली. तिने मिस्त्रीकडून गाळ्याच्या मधल्या भागात फळी उभी लावून तिथे काम सरळ कापून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तो कडेचा भाग खरवडून, धुऊन, सिमेंटची राबडी लावून उरलेले पुरे केले. मीही त्या दिवशी शाळा भरलेली असताना मुलांना मागच्या मैदानात बसवले.

उशीर आमच्या निवडीमुळे झाला, म्हणून परत गेलेल्या गाडीचे पैसे शाळेकडेच लागले. कारखान्याचे हे म्हणणे मला मान्य करावे लागले. समितीत आवाज चढले. निम्मी रक्कम मी माझी घातली. सौभाग्यवतींना अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी आला की कळेलच.

बिल भरायला मी स्वतः कारखान्यात गेलो, मुद्दामच. चारी बाजूंना ढीग. गिट्टी म्हणजे आपलाच माळव्याचा काळा बेसॉल्ट. सिमेंटचे उंच उभे कोठार. काचेच्या खोलीत एक पोरगा संगणकापुढे बसून किलोवर वाळू आणि लिटरवर पाणी सोडतो. वाळू ओली असेल तर तेवढे पाणी वजा करतो. माझा मुकादम आठवला. पण खोलीच्या मागे जे पाहिले ते मी विसरू शकत नाही. एक गाडी उभी होती, आणि तिच्या पिंपाच्या पोटातून ठोकल्याचा आवाज येत होता. आतल्या भिंतीवर जमून दगड झालेला माल फोडायला माणूस आत उतरतो, छिन्नी-हातोडा किंवा यंत्र घेऊन. बाहेर ऊन चाळीसच्या घरात असले तर आत किती असेल! तो बाहेर आला तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरा झाला होता, तोंडाला गमछा. मोजमापाचा हा एवढा शिस्तीचा कारखाना, आणि त्या माणसाच्या छातीत किती धूळ गेली ते मोजायला कोणी नव्हते. मी त्या मुलीला तसे म्हटले. ती म्हणाली, "बोलते हैं सर. मास्क आए हैं. पहनते नहीं, दम घुटता है." आणि मग हळूच, "मेरा भी बोलना कहाँ तक चलेगा." गाडी परत पाठवली त्याबद्दल तिला वरिष्ठांनी ऐकवले होते. नुकसान कारखान्याचे झाले नव्हते तरी, ग्राहक नाराज होतो म्हणून.

तिच्या आईची चौकशी केली. आई आता मंडीत लसूण निवडायला जाते. मान दुखते, डोक्यावर काही घेववत नाही, आणि घेववले असते तरी घ्यायला आहे काय? सोंडेच्या पंपाने टोळी संपवली. मुलीला मी विचारले, आई काय म्हणते? ती हसली. "कहती है, तेरी मशीन ने मेरा काम खा लिया. फिर कहती है, अच्छा हुआ खा लिया." दोन्ही वाक्ये आई एकाच श्वासात म्हणत असावी. मला त्यांतले एकही खोडता येत नाही. रांगेतल्या त्या सगळ्याच बायकांच्या मुली काही पॉलिटेक्निकला गेल्या नाहीत.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळे फुटले; अहवाल चांगला आला, शाळेच्या फायलीत लावला आहे. यंदाच्या पावसात मी नववीच्या वर्गाचे छत दोनदा पाहून आलो. कोरडे आहे. परत गेलेल्या मालाचे कारखान्याने ओबडधोबड ठोकळे पाडले होते, रस्त्यावर अडथळे लावायला वापरतात तसले. पैसे भरलेच आहेत म्हणून त्यांतले दोन मी मागून घेतले. फाटकाशी ठेवले आहेत, शाळा सुटायच्या वेळी आया त्यांवर बसतात.

गेल्या जुलैत एक गृहस्थ मुलाला पाचवीत घालायला आले. अर्ज भरताना बाबूंनी विचारले, काय करता? ते म्हणाले, "गाड़ी चलाते हैं." कोणती? त्यांनी हवेत बोट गोल फिरवले. "घूमने वाली." बाबूंनी 'ड्राइवर' लिहिले. मी अर्ज जवळ ओढला, त्याच्यापुढे कंसात 'काँक्रीट' लिहिले, आणि खाली रिकाम्या जागेत पट्टीने एक ओळ आखून बाबूंना म्हटले, पुढच्या वर्षी अर्ज छापाल तेव्हा इथे 'माता का व्यवसाय' टाका.