मधोमध

मंडळाच्या ई-अंकाची पानं बनवायचं काम या वेळी माझ्याकडे आलं. अंकात माझाही एक लेख होता, 'आजीच्या मांडीवरचं सूप'. आजीनं निपाणीत पंचवीस वर्षं विड्या वळल्या. वर मांडीवर सूप घेतलेल्या आजीचा फोटो आणि फोटोच्या बरोबर मध्ये शीर्षकाची चौकट, एवढंच मला हवं होतं.

फोटोच्या डब्याला 'पोझिशन: रिलेटिव्ह' दिलं, चौकटीला 'ॲब्सोल्यूट'. मग 'टॉप: ५०%', 'लेफ्ट: ५०%'. पण यानं चौकटीचा डावा वरचा कोपरा मध्यावर येतो, चौकट नाही. म्हणून ती ३०० पिक्सेल रुंद केली, उंची ६० धरली आणि उणे मार्जिन देऊन निम्मी मागे ओढली: डावीकडे १५०, वर ३०. बेळगावात, कॉलेजच्या लॅबमध्ये, शीर्षक अगदी मधोमध बसलं. खुशीत शनिवारी निपाणीची बस पकडली.

आजी प्रौढ साक्षरता वर्गात वाचायला शिकली. आईच्या मोबाईलवर बोट फिरवत तिनं शीर्षक वाचलं आणि म्हणाली, "सूपच झाकलंस की गं!"

आईनं मोबाईलवर अक्षरं मोठी करून ठेवली होती. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या होत्या आणि चौकट खाली वाढत गेली होती.

मी आधी ब्राउझरला दोष दिला. मग क्रोम, फायरफॉक्स आणि मैत्रिणीच्या आयफोनवर सफारी, असं सगळीकडे अक्षरं मोठी करून बघितलं. तिन्हीकडे तेच! चूक माझीच होती. शीर्षक केवढं होणार, हे मी आधीच ठरवून बसले होते.

मार्जिन काढून 'ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेट(-५०%, -५०%)' लिहिलं. इथले टक्के चौकटीच्या स्वतःच्या मापाचे असतात, त्यामुळे ती कितीही वाढली तरी मध्य चुकत नाही. पण ३०० ची रुंदी काढताच शीर्षक उगाच मोडायला लागलं. चौकट निम्म्यावरून सुरू होते, तेव्हा तिला उजवीकडची निम्मीच जागा मिळते. शेवटी चारही बाजू शून्य, रुंदी-उंची 'फिट-कंटेंट' आणि 'मार्जिन: ऑटो'. उरलेली जागा दोन्ही बाजूंना सारखी वाटायची, हा नियम १९९८ च्या 'सीएसएस २' मध्येच आहे. तिन्ही ब्राउझरांनी तो सारखाच पाळला.

गंमत म्हणून फोटोच्या डब्याचं 'रिलेटिव्ह' काढून बघितलं. चौकट फोटो सोडून थेट स्क्रीनच्या मध्यावर! मधोमध म्हणजे कुणाच्या मधोमध, हे आधी सांगावं लागतं. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बेंगळुरूच्या नकाशात आपण वरच्या कोपऱ्यात, मुंबईच्या नकाशात रेषेच्या बाहेर. घरात मात्र आजी बसते तिथंच मध्य.

रविवारी आजीला पान पुन्हा दाखवलं. चूक काय झाली होती, तेही सांगितलं. ती म्हणाली, "सगळी पानं एका मापाची नसतात बाई. आधी पान बघायचं, मग कातर लावायची."

मग तिनं बोट ठेवून शीर्षक वाचलं आणि फोटोतलं सूप नीट बघितलं. "हां, आता बसलं."