दांडी न्यूट्रलला सापडली

'चालकाने घाटात गाडी न्यूट्रलवर उतरवली.' अपघाताच्या अहवालातली ही ओळ आठवली की आजही माझं डोकं तापतं. पगारातून पैसे कापले, त्याचं मला काही वाटत नाही. पण जे मी केलंच नाही, ते माझ्या नावावर चढलं.

कराडहून साखरेची पोती भरून चिपळूणला निघालो होतो. पाटण, कोयनानगर, हेळवाक मागे पडलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. तिसरा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक चालू, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. एका वळणाच्या अलीकडे गिअरची दांडी कुणाचा हात न लागता खाडकन मधे, न्यूट्रलला आली. इंजिनाचा आवाज बसला आणि मागून कुणी ढकलावं तशी गाडी सुटली. एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाला आवळतो. इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटल्यावर त्याचा काय उपयोग? तिसरा परत घालायला गेलो, पण वेग वाढलेला, दात नुसते करकरले. शेवटी ब्रेक दाबून धरला, डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक उतरवलं आणि दरडीला घासत गाडी थांबवली. क्लीनरचं मनगट मोडलं, पोती फुटली. समोरून त्या क्षणी एसटी येत नव्हती, हे नशीब.

सुपरवायझर आला तो केबिनमध्ये डोकावून थेट दांडीच हलवून बघायला लागला.

'मामा, न्यूट्रल केली होती ना?'

'गिअर सुटला, साहेब. तिसरा सुटतो म्हणून मी रजिस्टरमध्ये लिहिलंय.'

'ते फिटरने केलंय. गाडी चालवूनही बघितलीय, काही नाही तिला. आणि दांडी तर न्यूट्रललाच सापडलीय.'

अहो, गिअर सुटला तर दांडी न्यूट्रललाच सापडणार! दुसरीकडे कुठे सापडेल? जो माझ्या म्हणण्याचा पुरावा, तोच माझ्याविरुद्ध लावला. आणि फिटरने गाडी चालवली ती कशी? वरची बॉल-स्प्रिंग बदलली आणि रिकामी गाडी यार्डातून काढून सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. त्या फेरीवर माझी रजिस्टरमधली तक्रार खोटी ठरली. ही फेरी माझ्या मनातून जात नाही. ताप रात्री चढतो म्हणून सांगितलेल्या माणसाला दुपारी तपासून घरी पाठवायचं, तसंच हे.

गिअर आपल्या जागी कशामुळे राहतो, हे त्या फिटरला माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. गिअर घातला की आतली स्लीव्ह सरकते आणि गिअरच्या बाजूला असलेल्या आखूड दातांवर चढते. हे दात सरळ कापलेले नसतात. टोकाला किंचित रुंद, मुळाशी किंचित निमुळते असतात. त्यामुळे भार आला की स्लीव्ह आणखी आत ओढली जाते. भाराखाली गिअर धरून ठेवतो तो हा काप. शिफ्टर रॉडच्या खाचेत बसणारा बॉल आणि त्यावरची स्प्रिंग रॉडला जागेवर बसवतात, लहानसहान हिसके थोपवतात, एवढंच. दात झिजून गोल झाले की सगळं उलटं होतं; जो भार स्लीव्हला आत ओढायचा, तोच तिला बाहेर ढकलतो. भरलेल्या गाडीच्या त्या रेट्यापुढे स्प्रिंग काय करणार? शिवाय चढाला दातांची एक बाजू भार घेते, उताराला दुसरी. म्हणून पाटणच्या चढावर निमूट चाललेला गिअर कुंभार्लीच्या उताराला उडतो. रिकाम्या गाडीत, सपाट डांबरावर तो का उडावा?

पुढे ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली, त्यानेही तेच सांगितलं, आणि मग कुठे गिअरबॉक्स खाली उतरला. मिस्त्रींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कची टोकं झिजून पातळ झालेली. स्लीव्हचे आणि तिसऱ्या गिअरचे दात एकाच अंगाने गोल.

'वस्ताद, ही उताराची बाजू,' ते म्हणाले.

मी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, 'मामा, ते प्रकरण आता बंद झालं.' चूक माझी असती तर ते इतक्या लवकर बंद झालं असतं का?

पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या. उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडला होता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून उताराला गाडी सुटली की सगळ्यांची बोटं ड्रायव्हरकडे. आणि खरं सांगतो, न्यूट्रल करणाऱ्यांची मलाही चीड येते. त्यात डिझेलही वाचत नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. अशांचं लायसन्स काढून घ्या, माझी हरकत नाही. पण आधी गिअरबॉक्स उघडून दात बघा.

ड्रायव्हर मंडळींना सांगतो, दांडीवर हात टेकवून गाडी चालवू नका. त्या ओझ्याने फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो. गिअर उडतो म्हणून दांडी दोरीने बांधणं किंवा लाकडाची टेकण देणं तर त्याहून वाईट. आधी लिंकेजचे बूश, दांडीची सेटिंग, इंजिनाचं फाउंडेशन बघायला लावा, कारण गिअर पुरता आत जात नसेल तरी तो सुटतो. हे सगळं ठीक असेल तर बॉक्स उघडायलाच लावा, आणि स्लीव्ह व गिअर जोडीनेच बदलून घ्या. झिजलेला गिअर नवी स्लीव्हही खातो. रजिस्टरमध्ये नुसतं 'गिअर सुटतो' असं लिहू नका. कोणता गिअर, चढाला की उताराला, किती मालावर, पाय दिलेला की काढलेला, सगळं लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

पैशांचं मला काही वाटत नाही असं वर म्हणालो. तसं नाही. ते पैसे माझ्या मेहनतीचे आहेत, ते मला परत हवेत, आणि अहवालातली ती ओळही खोडून हवी.