नाव शेवटी लिहावे

हिवाळ्यात आमच्या गोव्यात, पेडणे तालुक्यातील मोरजी येथे, शापोरा नदी समुद्राला मिळते तेथील वाळूवर कुरवांचे थवे विसावतात. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण आटोपून आलेले तपकिरी डोक्याचे कुरव त्यांत असतात, तसेच काळ्या डोक्याचेही. गंमत अशी की, ज्या डोक्यावरून त्यांना नाव मिळाले, ते हिवाळ्यात पांढरे झालेले असते. कानापाशी काळसर डाग तेवढा उरतो.

मग ओळख पटवावी कशी? पंखांवरून आणि डोळ्यांवरून. पंखाचे टोक काळे, त्यात पांढरा ठिपका आणि डोळा फिकट, तर तो पूर्ण वाढलेला तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा काळाभोर, तर काळ्या डोक्याचा.

एका पौषात आमच्या भाच्याने थव्यातील एक पक्षी हेरला. मान लांब, कपाळ उतरते, चोच लांब व सडपातळ, कानाचा डाग जवळजवळ नाहीच.

"मामा, हा बारीक चोचीचा कुरव! लिहू का?"

"आधी खुणा लिही. नाव शेवटी."

तो हिरमुसला, पण लिहू लागला. दुर्बिणीतून डोळा फिकट दिसला. म्हणजे काळ्या डोक्याचा नव्हे. बऱ्याच वेळाने एक होडी जवळून गेली, थवा उठला आणि पंखाची पांढरी कड लख्ख दिसली. म्हणजे तपकिरी डोक्याचाही नव्हे. कपाळाची नि चोचीची ठेवण तर त्याची स्वतःचीच. या जातीच्या डोक्याला उन्हाळ्यातही काळा रंग चढत नाही. चारही खुणा जुळल्या, तेव्हा भाच्याने नाव लिहिले.

एका पक्ष्यासाठी एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. याच किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालतात आणि येथेच पर्यटकांची वर्दळ वाढत आहे. ही वाळू पाखरांसाठी राखा, असे सांगण्याची वेळ येईल तेव्हा आपल्यापाशी या वह्यांखेरीज दुसरा पुरावा काय असणार? त्यांत हौसेपोटी लिहिलेले एक नाव खोटे निघाले, तर शंभर खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडेल. दुर्मीळ पक्षी दिसावा असे कोणाला वाटत नाही? परंतु डोळ्यांनी मनाचे ऐकू नये, मनाने डोळ्यांचे ऐकावे. मुलांच्या हाती दुर्बीण देताना एवढे जरूर शिकवावे.