आडनाव इनामदार

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी मिरजेच्या घरात मला गॅसचा वास आला. अम्मीला आला नाही. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. काही झालं नाही. खिडक्या उघडल्या, बर्नर पुसला, तिने मलाच दोन शब्द सुनावले की शेगडी जुनी झाली आहे. पण दुसऱ्या दिवशी परतीच्या कोयनेत कराड येईपर्यंत मी आणि बायको एकमेकांशी बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "बोला आता. मिरजेला जायचं म्हणताय ना?"

मी मिरज सोडली 2004 साली. अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या, याचा त्यांना स्वतः रूळ टाकल्यासारखा अभिमान होता. ते गेल्यापासून अम्मी दर्ग्यामागच्या बोळातल्या घरात एकटी आहे. वय एकाहत्तर. तिला दोनदा पुण्याला आणलं. पहिल्या वेळी दीड महिना राहिली, दुसऱ्या वेळी अकरा दिवस. कोंढव्यात आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. ती गॅलरीत उभी राहून खाली टँकर मोजायची. "यहां पानी बी गाडी में बैठके आता क्या?" असं विचारून तिने पिशवी भरायला घेतली.

मी छोट्या दुकानदारांची खाती आणि जीएसटीची विवरणपत्रं भरतो. 2020 पासून निम्मी गिऱ्हाइकं मला वर्षातून एकदाही भेटत नाहीत. बिलांचे फोटो पाठवतात, मी काम करतो. म्हणजे मिरजेत बसूनही पोट भरेल. फ्लॅटचा हप्ता चोवीस हजार आहे, तो भाड्यातून बराचसा निघेल. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, आणि मिरज हे तर दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 मध्ये सुरुवात केली तेव्हापासून कर्नाटकातले पेशंट इथे येतात. स्टेशनातून बाहेर पडलं की हॉटेलापेक्षा दवाखाने जास्त दिसतात. तिला आठ दिवसांत काम मिळेल. पगार कमी मिळेल, पण मिळेल. कागदावर सगळं जुळत होतं. मी हिशेबाचा माणूस, कागदावर जुळलं की मला बरं वाटतं.

अडलं ते घरापाशी. बोळातलं घर अर्धं आमचं, अर्धं चुलत्यांचं. आम्हा चौघांना आणि अम्मीला ते पुरणार नाही. म्हणून सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला भाड्याने काही मिळतं का ते बघायला मी जुलैत एकटा गेलो. एका एजंटाला फोन केला. आडनाव सांगितलं, इनामदार. माझं बोलणं मिरजेचं, हेल सांगलीकडचा. गडी खूश झाला. "या की साहेब, आपल्याच माणसांची सोसायटी आहे." मोटारसायकलवर बसवून त्याने मला तीन फ्लॅट दाखवले. दोन बेडरूम, पाणी सकाळ-संध्याकाळ, समोर शाळा. मधला मला आवडला. मालकाला देण्यासाठी त्याने आधार कार्डाचा फोटो मागितला, मी पाठवला. त्याने मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. वाईट माणूस नव्हता तो. उलट त्यालाच घाम फुटला. "मालकाला विचारून सांगतो," म्हणाला आणि मला बसस्टॉपवर सोडताना चहासुद्धा पाजला. फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

हे मला नवीन नाही. 2008 मध्ये पुण्यात हेच झालं होतं, चार वेळा, म्हणूनच मी कोंढव्यात पोहोचलो. कोंढव्यातल्या निम्म्या घरांची कथा हीच आहे, आम्ही ती एकमेकांना सांगतही नाही. पण पुण्यात झालं तेव्हा वाटलं होतं, परकं शहर आहे. मिरजेत झालं तेव्हा काय वाटावं हे मला दोन दिवस कळलं नाही. ज्या रस्त्यावरून मी सायकलने कॉलेजला गेलो त्याच रस्त्यावरची ती सोसायटी.

परत येताना दर्ग्यात जाऊन बसलो. मिरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे बाहेरच्यांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं, आम्हाला ते लहानपणापासून माहीत. 1937 मध्ये गेलेले अब्दुल करीम खाँसाहेब याच आवारात झोपले आहेत, आणि उरुसात चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या आठवणीत रात्रभर गाणं चालतं. पेटीवर कुलकर्णी, तबल्यावर मुल्ला, समोर सतरंजीवर सगळे. सतारमेकर गल्लीतले कारागीर हे मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे घडवले. या वाद्यांना 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी कोंढव्यात पेढे वाटले होते, आणि शेजारच्यांनी विचारलं होतं की मुलगा पास झाला का.

अशा गोष्टी आपण भाषणात सांगतो. त्या खोट्या नाहीत. पण याच मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या अफजलखानाच्या चित्रावरून दंगल झाली आणि संचारबंदी लागली. मी पुण्यातून दर तासाला फोन करत होतो आणि अब्बा दर वेळी म्हणत होते, "सब ठीक है," आणि मागून अम्मीचा आवाज यायचा, "क्या ठीक है?" आणि 2019 च्या महापुरात सांगलीहून आलेली दोन कुटुंबं आठ दिवस याच घरात राहिली, त्यातलं एक जैन. अम्मीने आठ दिवस कांदा-लसूण चुलीजवळ येऊ दिला नाही. यातली कुठली मिरज खरी म्हणायची? मी दर्ग्यात बसून हाच हिशेब करत होतो आणि तो जुळत नव्हता.

घरी येऊन एजंटाचा किस्सा सांगितला तर बायको म्हणाली, "बरं झालं."

मला राग आला. मग तिने सांगितलं ते मी पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून घेतलं नव्हतं. "तो तुमचा मोहल्ला आहे. तिथे तुम्ही अमक्याचे पोरगे, तमक्याचे दोस्त. मी तिथे इनामदारांची सून. लग्नानंतर सहा महिने राहिले ना मी. स्कूटर शिकायची म्हटलं तर तुमच्या खालांनी तीन घरं फिरून चर्चा केली. इथे मी रात्री नऊला लॅबमधून येते, कुणी विचारत नाही कुठून आलीस. तुम्हाला पुण्यात कुणी ओळखत नाही याचं दुःख आहे. माझं सुख तेच आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. लहान गावात जिव्हाळा असतो असं आपण लिहितो, तेव्हा त्या जिव्हाळ्याची पाळत कुणावर असते हे लिहायचं राहून जातं. मीही या आधी असं लिहिलं आहे.

मुलांचं तर वेगळंच. मोठी नववीत आहे. तिला मिरज आवडते ती बसुंदी आणि चुलत बहिणींपुरती. दहावीच्या तोंडावर शाळा बदलणार नाही, हे तिने जेवताना एका वाक्यात सांगून टाकलं. धाकटा चौथीत. तो इमारतीत हिंदी बोलतो, शाळेत इंग्रजी, आणि अम्मीशी फोनवर बोलताना अडखळतो. आमची घरातली दखनी त्याला कळते, पण येत नाही. मराठी तर तो पुस्तक वाचल्यासारखी बोलतो. मी मराठीत लिहिणारा माणूस, आणि माझ्या पोराला 'हुंबरठा' म्हणजे काय हे सांगावं लागलं, कारण फ्लॅटला तो नसतोच. मिरजेत तो गल्लीत दोन महिने खेळला असता तर तिन्ही भाषा आपोआप तोंडात बसल्या असत्या. हे माझं लोभाचं कारण. अम्मीचं नाव मी पुढे करतो, पण हेही आहे, हे बायकोने बरोबर ओळखलं.

मग अम्मीलाच विचारावं म्हणून फोन केला. मला वाटलं रडेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, "आना है तो तेरे वास्ते आ. मेरे वास्ते नक्को आ. बाद में मेरेच नाम पे सुनाएगा." आणि पुढच्या श्वासाला, भाजीवाल्याने दिलेले टोमॅटो किती सडके निघाले ते सांगू लागली.

सध्या ठरलं ते असं. मोठीची दहावी होईपर्यंत कुणी हलणार नाही, फक्त मी हलणार. महिन्यातले बारा-तेरा दिवस मिरजेत, बाकीचे इथे. विवरणपत्रांच्या तारखा बघून दिवस वाटून घेतले. बायकोने होकार दिला, पण वर एक अट घातली: दोन वर्षांनी पुन्हा बसायचं, आणि तेव्हा "अम्मीसाठी" हा शब्द न वापरता बोलायचं. मी कबूल केलं. जमेल की नाही ते बघू.

गेल्या आठवड्यात जाऊन माडीवरची खोली रिकामी केली. अब्बांचा हिरवा-लाल कंदील, तीन ट्रंका, चुलत्यांचा मोडका पाळणा. पाळण्यावरून चुलत्यांशी अर्धा तास वाद झाला, शेवटी तो त्यांच्याच बाजूला ठेवला. नवी शेगडी आणली, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो तसली. अम्मीला ती आवडलेली नाही, चहाला वेळ लागतो म्हणते. इंटरनेटवाला मंगळवारी येणार होता, तो आला नाही. शुक्रवारी नमाजनंतर येतो म्हणाला आहे.