नाळे बन्नि

आमच्या वाडीत पोफळींच्या सावलीला कोकोचं एकच झाड आहे. बुंध्याला थेट फुलं लागतात, तीही इतकी की साल दिसू नये. पण पाच वर्षांत फळ म्हणून धरलं नाही. मंगळूरला सुपारीचं काम निघालं, तेव्हा ठरवलं, विट्टल गाठायचंच. रत्नागिरीला रात्री मत्स्यगंधा पकडली, सकाळी मंगळूर, तिथून कल्लडकावरून बस.

विट्टलला केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेचं केंद्र आहे. आत शिरलो आणि घरीच आल्यासारखं वाटलं. त्याच पोफळी, तीच ओल. फक्त पायाखाली घोटाभर पातेरा. मनात म्हटलं, सरकारी कारभार!

एका कोकोच्या झाडापाशी एक बाई उकिडव्या बसल्या होत्या. उद्या उमलेल अशी कळी हेरायची, तिच्यावर पेराएवढी नळी बसवून ती सालीला चिकटवायची, तोंडाला मलमल बांधायची. आजूबाजूच्या कळ्या त्यांनी खुडून टाकल्या.

"अक्का, पुढे काय?"

"नाळे बन्नि." उद्या या!

रात्री पुत्तूरला राहिलो. कॅम्पकोचा चॉकलेट कारखाना इथलाच, 1986 सालचा. कोकोच्या खरेदीदारांनी पाठ फिरवली, तेव्हा सुपारीवाल्यांची ही सहकारी संस्था खरेदीला उभी राहिली होती. सुपारीवाल्याला हे ऐकून बरं वाटतं.

सकाळी नळीतलं फूल उमललं होतं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. अक्कांनी दुसऱ्या वाणाचं फूल आणलं, चिमट्याने पाकळीची टोपी मागे सारली, आत दडलेला परागकोश नळीतल्या फुलाच्या कुक्षीवर घासला आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधली: आई कोण, बाप कोण. जमलं तर फूल टिकतं, नाहीतर एक-दोन दिवसांत गळतं. फळ पिकायला पाच-सहा महिने. त्यातल्या बियांची झाडं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास धरू लागतात, पण खरं उत्पन्न कळायला आणखी काही वर्षं जातात. शिवाय नुसती भरपूर फळं चालत नाहीत. वाळलेली बी ग्रॅमभर तरी भरावी, टरफल पातळ असावं, निम्मं वजन स्निग्धांशाचं असावं. एवढ्या चाळणीतून मोजकीच झाडं उरतात.

माझं रडगाणं ऐकून तिथले संशोधक हसले. "एकच झाड ना?" कोकोची कितीतरी झाडं स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. मला जी खोड वाटत होती, तिचाच इथे उपयोग करतात. अशी दोन निवडक झाडं शेजारी लावली, की धरणारी प्रत्येक बी आपोआप संकरित. मग ना नळी, ना चिमटा.

"झाडाखाली झाडता का?" त्यांनी विचारलं.

"रोज! आईला पान पडलेलं खपत नाही."

फुलांत पराग नेणारी माशी चिलटाएवढी, आणि ती वाढते कुजणाऱ्या पातेऱ्यात.

दोन वेगवेगळ्या वाणांची रोपं पायाशी ठेवून परतलो. ती लावून आता तीन महिने झाले. कोकोखालचा पातेरा तसाच आहे, आणि आई रोज नावं ठेवते.