गोचीड, पाखरं आणि परदेशी पैसा

१९५७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसंही तापानं फणफणली. डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त. गावकऱ्यांनी दोन्हींचा संबंध लगेच जोडला आणि दुखण्याला ‘मंगन कायिले’ म्हटलं. आपल्याकडे तोच माकडताप.

बातमी पुण्याला पोहोचली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क यांच्या मनात पहिली भीती आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत माकडं आणि माणसं एकाच वेळी दगावली की पीतज्वराचाच संशय घेतात. तो पसरवणारा डास भारतात घरोघरी आहे, माकडं आहेत, तरीही पीतज्वर आशियात कधी रुजलेला नाही. तो आला असेल तर हाहाकार ठरलेला होता.

पण नमुन्यांतून निघाला भलताच विषाणू, आणि तो वाहून नेणारा डास नव्हता, गोचीड होती. विषाणूचं गोत्र तपासलं तर तो ‘रशियन स्प्रिंग-समर एन्सेफलायटिस’ या मेंदूज्वराच्या कुळातला. या मेंदूज्वराचा छडा १९३७मध्ये लेव झिल्बर यांच्या मोहिमेनं सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात लावला होता. याच कुळातला दुसरा ताप सायबेरियातल्या ओम्स्कचा. बर्फाळ तैगातल्या विषाणूचा सोयरा कर्नाटकातल्या मलनाडच्या दमट रानात आला कसा?

या प्रश्नाचा काळही लक्षात घ्यायला हवा. १९५२मध्ये चीन आणि उत्तर कोरियानं अमेरिकेवर रोगट किडे टाकल्याचा आरोप केला होता. अमेरिकेनं तो नाकारला आणि वाद आजही मिटलेला नाही. मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकला अमेरिकी लष्कराचा जैविक शस्त्रांचा कार्यक्रम १९४३पासून चालू होता. शीतयुद्धात जंतूंवरचं संशोधन निव्वळ वैद्यकीय राहिलं नव्हतं, आणि माकडतापाचा विषाणू सापडल्या सापडल्या या राजकारणात ओढला गेला.

सायबेरिया आणि कर्नाटक यांना जोडणारा एक दुवा मात्र उघड दिसत होता. दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पाखरं भारतात उतरतात. त्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील का? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सलीम अलींना पाखरांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचा होताच. अडचण पैशाची होती. माकडतापामुळे ती सुटली. आधी जागतिक आरोग्य संघटनेची मदत झाली, नंतर १९६०च्या दशकात ‘मायग्रेटरी ॲनिमल पॅथॉलॉजिकल सर्व्हे’ या प्रकल्पाची. कच्छ, भरतपूर, पॉइंट कॅलिमेर इथं जाळी लावून पाखरं पकडायची, पायात ‘मुंबईला कळवा’ अशा मजकुराचं वाळं अडकवायचं, अंगावरच्या गोचिडी वेचायच्या, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि पाखरू सोडून द्यायचं. भारतातल्या पक्षी-स्थलांतराबद्दलच्या आपल्या माहितीचा मोठा पाया या कामानं घातला.

त्या लांबलचक नावाच्या प्रकल्पामागे अमेरिकी लष्कर होतं.

ते बाहेर येऊन पेट घ्यायला १९७४ साल उजाडावं लागलं. तोवर १९७१चं बांगलादेश युद्ध झालं होतं, बंगालच्या उपसागरात आलेलं अमेरिकेचं सातवं आरमार लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि अमेरिकेबद्दल दिल्लीत फारसा सद्भाव उरला नव्हता. त्या वर्षी जुलैत पीटीआय वृत्तसंस्थेनं दिल्लीतल्या डासांवरच्या एका प्रकल्पाची बातमी फोडली. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद मिळून नर डासांची वंध्य पिढी तयार करून सोडण्याचे प्रयोग करत होत्या, पैसा अमेरिकेचा. प्रयोगात पीतज्वर पसरवणाऱ्या जातीचा डासही होता. भारतात नसलेल्या रोगाच्या डासावर अमेरिकेच्या पैशानं एवढा अभ्यास कशासाठी, हा प्रश्न बिनतोड वाटत होता. सलीम अलींच्या पाखरांची चौकशीही त्याच ओघात आली. पाखरांचे मार्ग, त्यांच्यावरच्या गोचिडी आणि विषाणू यांची जंत्री अमेरिकी लष्कराला हवी असेल, तर ती रोग रोखायला की पसरवायला?

संसदेच्या लोकलेखा समितीनं १९७५मध्ये आपल्या १६७व्या अहवालात परदेशी सहभागाच्या संशोधन प्रकल्पांवर कडक ताशेरे ओढले. सोनीपतला डास सोडण्याची तयारी झाली होती. तो प्रयोग गुंडाळावा लागला. ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकानं त्याच वर्षी या वादावर लिहिताना दिल्ली आणि जिनिव्हा (म्हणजे जागतिक आरोग्य संघटना) दोघांनाही फटकारलं. योगायोग असा की जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार अंमलात आला तोही १९७५च्या मार्चमध्येच.

या सगळ्या वादात तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले गेले आणि ते अजूनही कुणी नीट सोडून ठेवत नाही. पाखरांच्या अभ्यासात लष्कराचा पैसा होता का? होता. त्या माहितीचा युद्धात उपयोग होऊ शकला असता का? ही शंका घ्यायला जागा होती आणि ती संसदेत विचारली गेली हे योग्यच झालं. माकडताप कुणी घडवला किंवा आणून सोडला होता का? या तिसऱ्या प्रश्नाला पुराव्याचा आधार नाही. पहिल्या दोन प्रश्नांची धग मात्र तिसऱ्याला लागते आणि पैशाचा पुरावाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विषाणूच्या जनुकांतून आणि गोचिडीच्या जीवनक्रमातून मिळतं. १९९५मध्ये सौदी अरेबियात अल्खुर्मा नावाचा विषाणू सापडला. माकडतापाच्या विषाणूचा सर्वांत जवळचा भाऊ हाच. सायबेरियातले नातेवाईक त्याच्या मानानं दूरचे. माकडताप आणि अल्खुर्मा या दोघांची फारकत कधी झाली यावर हिशेब वेगवेगळे निघतात, पण २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानं ती साधारण ७०० वर्षांपूर्वी झाल्याचा अंदाज मांडला. एनआयव्हीच्या २००९च्या अभ्यासात भारतातल्या नमुन्यांचा समान पूर्वज १९४२च्या आसपासचा निघाला होता. हे वर्ष तेवढं उचललं, की दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट रचायला कुणालाही हुरूप येईल. पण समान पूर्वजाचं वर्ष म्हणजे विषाणूचा जन्म नव्हे; हाती आलेल्या नमुन्यांच्या फांद्या जिथं जुळतात ती जागा, एवढाच त्याचा अर्थ.

आता गोचीड. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही माकडतापाची मुख्य वाहक. ती कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातली. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात, रक्त पिऊन गळून पडतात, कात टाकून आठ पायांची होतात, पुन्हा दुसऱ्या जनावराच्या शोधात पातेऱ्यात दबा धरून बसतात. या मधल्या अवस्थेला आम्ही निंफ म्हणतो. माणसाला चावते ती बहुधा हीच, डिसेंबर ते मे या काळात. मोठी झालेली गोचीड गुराढोरांवर पोसते. तीन टप्पे, तीन यजमान. आपल्या गोठ्यातल्या गाईच्या कासेला लोंबणारी सर्वसाधारण गोचीड वेगळी. ती पिल्लापासून म्हातारपणापर्यंत बहुतेक एकाच जनावरावर राहते, म्हणून माणसाच्या वाट्याला फारशी जात नाही.

या गोचिडीला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. माणसाकडून माणसाला माकडताप होत नाही. लढाईसाठी असं हत्यार निवडणारा सेनापती फार काळ पदावर टिकणार नाही. तरीही विषाणू घातक यादीत आहे: जैविक शस्त्रांच्या प्रसारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ऑस्ट्रेलिया ग्रुप’च्या नियंत्रण यादीत त्याचं नाव आहे. कारण प्रयोगशाळेत त्याची गोष्ट वेगळी असते. या विषाणूवर काम करणाऱ्यांना लागण झाल्याच्या घटना सुरुवातीपासून घडल्या आहेत. म्हणूनच पुण्याच्या पाषाणला २०१२मध्ये सुरू झालेल्या सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेत हवेचा दाब, अंघोळीची सक्ती, हवा पुरवणाऱ्या नळीचे पोशाख एवढा सरंजाम असतो. तिथून पश्चिमेला सूसकडे निघालं की मुळशी तालुका लागतो. भिंतीआड काय चाललंय याच्या वावड्या आमच्या पिरंगुट-पौडच्या चहाच्या टपऱ्यांवर मीही ऐकल्या आहेत; कोविडच्या साथीनंतर तर जास्तच.

अमेरिकेत हेच नाटक लाइम रोगाभोवती रंगलं. १९७५च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावात मुलांना सांधेदुखीनं गाठलं. रोगाचा जिवाणू शोधणारे विली बर्गडॉर्फर पूर्वी लष्करासाठी गोचिडींवर काम करत होते, असा दावा २०१९मध्ये क्रिस न्यूबी यांच्या ‘बिटन’ या पुस्तकानं केला. त्याच वर्षी अमेरिकी प्रतिनिधिगृहानं १९५० ते १९७५ या काळात लष्करानं गोचिडींचं शस्त्र बनवलं होतं का, याची चौकशी करण्याची दुरुस्ती मंजूर केली. पण जिवाणू त्याआधीच साक्ष देऊन मोकळा झाला होता. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या शरीरात त्याचा अंश मिळाला, मॅसॅच्युसेट्समध्ये १८९४ साली पकडून संग्रहालयात ठेवलेल्या उंदरांतही मिळाला, आणि २०१७च्या एका जनुकीय अभ्यासानं तो उत्तर अमेरिकेत किमान ६०,००० वर्षं असल्याचं दाखवलं. लाइम फोफावला तो जंगल तुकड्या-तुकड्यांत विभागून तिथं घरं बांधली, हरणं वाढली, उंदीर वाढले म्हणून.

माकडतापाच्या बाबतीत इथंही तसंच घडलं; तो नव्या भागांत पसरत गेला. २०१२मध्ये कर्नाटकातच दक्षिणेला बांदीपूर, २०१३मध्ये वायनाड आणि निलगिरी, २०१५मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं पाली, २०१६मध्ये आपल्या सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, मग बांदा परिसर. यातल्या बऱ्याच गावांत वाट काजूच्या बागेतून जाते. रान तोडून लावलेली काजूची झाडं, त्यांच्याखाली साचलेला पातेरा, कडेला चरणारी गुरं, फळांवर येणारी माकडं आणि जानेवारी ते मे बोंडू वेचायला वाकलेली माणसं. गोचिडीला लागतं ते सगळं हाताशी, तेही तिच्या ऐन हंगामात. वानर मेलं की त्याच्या थंड पडत जाणाऱ्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि त्या जागेपासून आसपासचा पट्टा काही काळ धोक्याचा होतो. म्हणून मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला कळवायचं आणि त्याभोवती औषध फवारायचं, ही इथली पहिली बचावफळी आहे.

मुळशीही सह्याद्रीच्या त्याच रांगेत आहे. ताम्हिणीच्या माथ्यापर्यंत फार्महाऊसचे फलक आलेत, वानरांचे कळप अंगणात येतात. म्हणून इथं रोग येईलच असा अर्थ नव्हे; गोचिडींची पाहणी आणि मेलेल्या वानरांची नोंद इथंही चालू ठेवावी, एवढाच.

१९७४चा प्रश्न मात्र संपलेला नाही. २०१९मध्ये नागालँडमधल्या वटवाघळांवर आणि ती पकडणाऱ्या माणसांवर झालेल्या एका अभ्यासाचा निबंध छापून आला. त्यातल्या सहकाऱ्यांत चीनमधल्या वुहानच्या संस्थेचे शास्त्रज्ञ होते आणि निधी देणाऱ्यांत अमेरिकी संरक्षण खात्याची एक शाखा होती. परवानग्यांवरून भारतात चौकशी झाली. पाखरांच्या जागी वटवाघळं आली, तरी आक्षेप तेच होते. असा अभ्यास करणाऱ्यांनी निधी कुणाचा, नमुने कुठं जातात, निष्कर्ष कुणाकडे आधी पोहोचतात हे कामाला हात घालण्याआधीच मांडून ठेवलं तर गावातल्या माणसाला निदान विचारता येतं. दोडामार्गच्या माणसाचा पहिला प्रश्न तर त्याहून साधा असतो: लस कधी? बंगळूरला तयार होणारी जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्यामुळे २०२२मध्ये थांबवण्यात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी नव्या लसीवर काम करत आहेत. ती येईपर्यंत काजूचा हंगाम दर वर्षी आहेच, आणि अंगाला गोचीडविरोधी तेल चोळून, पायघोळ कपडे घालून, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून माणसं बागेत उतरत राहणार आहेत.